परदेशात सुट्टीला जाताना तिथला सण गाठावा की टाळावा?

चौकस
पुढच्या वर्षी घरच्या चौघांनी मिळून परदेशी जायचं ठरलंय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. पण चालायला खणखणीत आणि नवं काही बघायचं म्हटलं की एका पायावर तयार.

सुट्टी कधी घ्यायची ते आमच्या हातात आहे, म्हणून माझा आग्रह असा की एखादा मोठा सण गाठूनच जावं. चर्च, राजवाडे, संग्रहालयं वर्षभर जागच्या जागी असतात. सणाच्या दिवशी गाव स्वतःसाठी नटतं, स्वतःसाठी रांधतं. त्या दिवशी तिथली माणसं जे खातात ते त्यांच्या शेजारी उभं राहून खायला मिळावं, एवढीच माझी हौस आहे. नवऱ्याचं म्हणणं बरोबर उलट. हॉटेलं महाग, तोबा गर्दी, निम्मी दुकानं बंद, आणि आपण कठड्याच्या मागे उभे राहून लोकांच्या टाळक्यांचे फोटो काढणार.

मनात तीन ठिकाणं आहेत: मार्चमध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सियाचा लास फायास (देखावे जाळण्याचा), एप्रिलमध्ये थायलंडचा सोंगक्रान (पाणी उडवण्याचा), जुलैमध्ये जपानमधल्या क्योतोचा गिओन मात्सुरी (रथांच्या मिरवणुकीचा). ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी सविस्तर लिहा. खाण्याबद्दल तर लिहाच लिहा.

रिमझिम
रुमाल टाकून ठेवते. आमच्या घरीही हाच वाद आहे, फक्त बाजू उलट.

निशाचर
म्हणजे सासूबाईंपुढे आग, पूर आणि उकाडा असे तीन पर्याय ठेवलेत तुम्ही.

चौकस
@निशाचर, खिक्! हे त्यांना वाचून दाखवलं. "आग बघू" म्हणाल्या.

भटकी_जमात
मग वॅलेन्सियाबद्दल मीच लिहितो. आम्ही त्या शहरात राहिलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

फायासचे मुख्य दिवस १५ ते १९ मार्च. चौकाचौकांत लाकूड, पुठ्ठा आणि फोमचे प्रचंड देखावे उभे राहतात. पुढारी, खेळाडू, शेजारपाजार, सगळ्यांची टिंगल त्यात असते. १९च्या रात्री ते सगळे जाळतात. लोकांच्या मतांवर निवडलेली एकेक बाहुली तेवढी वाचवतात आणि ती संग्रहालयात जाते. लहान मुलांचे छोटे देखावे आधी, संध्याकाळीच पेटवतात. लेकीला घेऊन तेच बघा. मोठ्या आगीच्या वेळी गल्ल्यांत हलायला जागा नसते आणि अग्निशमन दलाचे बंब शेजारच्या भिंतींवर पाणी मारत असतात.

पण खरी गंमत १ मार्चपासूनच सुरू होते. १ ते १९, रोज दुपारी २ वाजता नगरपालिकेच्या चौकात 'मास्क्लेता' असते. भरदिवसा फटाक्यांच्या माळा लावतात, म्हणजे बघण्यासारखं काही नाहीच, सगळा खेळ आवाजाचा. त्या आवाजाला लय असते, ती हळूहळू चढत जाते आणि शेवटच्या मिनिटात पायाखालची फरशी थरथरते. संपलं की अख्खा चौक टाळ्या वाजवतो आणि कालच्यापेक्षा आज कशी झाली यावर चर्चा करत जेवायला पांगतो. कचेरीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत येतात, त्यामुळे पर्यटक कमी आणि गाववाले जास्त असतात.

आता खाणं. सासूबाईंची सोय इथे उत्तम होईल. या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर 'बुन्युएलोस दे कालाबासा' तळत असतात. लाल भोपळा उकडून त्याचा गर, कणीक आणि यीस्ट यांचं सैलसर पीठ बादलीत फुगवत ठेवलेलं असतं. तळणारी बाई ओल्या मुठीतून पिठाचा गोळा पिळून वर काढते, अंगठ्याने त्याला मधोमध भोक पाडते आणि त्याच झटक्यात तेलात सोडते. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं. वरून साखर आणि सोबत बुडवून खायला दाट गरम चॉकलेट. बहुतेक ठिकाणी पिठात अंडं नसतं, तरी विचारून घ्या. जिथे समोर बादलीतून पीठ काढतायत तिथेच रांगेत उभं राहा, आधी तळून रचून ठेवलेले घेऊ नका. ते लगेच चिवट होतात.

रस्त्यात लाकडावर मोठमोठ्या पायेया, म्हणजे पसरट कढईतला भात, शिजताना दिसतील. तो त्या त्या वाड्यातल्या मंडळाचा घरगुती कार्यक्रम असतो. बघा, वास घ्या, कौतुक करा, पण बोलावल्याशिवाय टेबलावर बसू नका. अस्सल वॅलेन्सियन पायेयात कोंबडी आणि ससा असतो, तेव्हा सासूबाईंसाठी खाणावळीत भाज्यांची वेगळी मागवावी लागेल.

पहाटवारा
भारी प्रतिसाद. मास्क्लेताचं वर्णन वाचून आत्ताच निघावंसं वाटतंय.

अष्टावधानी
मी मात्र चौकस यांच्या यजमानांच्या बाजूने. सण आणि खाणं हे समीकरण सगळीकडे जुळत नाही. काही सण रस्त्यावरचे असतात, काही घरातले. घरातला सण असेल तर पाहुण्याच्या वाट्याला फक्त बंद शटर येतात.

व्हिएतनामचा टेत घ्या. चांद्र नववर्ष, वर्षातला सगळ्यात मोठा सण. पहिल्या दोन-तीन दिवसांत हनोईत फोची (नूडल्सच्या सूपची) साधी टपरी मिळायची मारामार होते, कारण टपरीवालीसुद्धा गावी गेलेली असते. नववर्षाला घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं यावर वर्षाचं भलंबुरं ठरतं असं ते मानतात. अनेक घरांत ते माणूस आधीपासून ठरवून ठेवतात. तेव्हा ओळखीचं घर आहे म्हणून पहिल्या सकाळी उत्साहाने जाऊन उभं राहणं हा सरळसरळ आगाऊपणा.

रिमझिम
@अष्टावधानी, मग टेतला जाऊच नये?

अष्टावधानी
टेतच्या आधीच्या आठवड्यात जावं! मी दरवेळी हेच सांगतो. फुलांचे बाजार ओसंडून वाहत असतात. स्कूटरच्या मागच्या सीटवर माणसापेक्षा उंच, केशरी फळांनी लगडलेलं कुमक्वाटचं झाड बांधून लोक घरी नेत असतात. बान्ह चुंग नावाचे चिकट तांदळाचे चौकोनी गठ्ठे रुंद पानांत बांधून रात्रभर मोठ्या पातेल्यांत उकळतात. आत मुगाची डाळ आणि डुकराचं मांस असतं, पण बिनमांसाचेही मिळतात. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला शाकाहार पाळतात, त्यामुळे 'चाय' अशी पाटी लावलेल्या शाकाहारी खाणावळी जवळपास प्रत्येक शहरात आहेत. तयारीत सगळं गाव रस्त्यावर असतं. सणाला ते घरात जातं आणि दार लावून घेतं. आपण दार लागायच्या आत तिथे असावं.

सांजसावली
@अष्टावधानी यांना अनुमोदन, आणि दुसरं उदाहरण स्वीडनचं. मिडसमरला स्टॉकहोमचे लोक खेड्यातल्या घरांकडे पळतात. ती सायंकाळ नेहमी १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते. शहरात शुकशुकाट. ज्यांना कोणी बोलावलेलं नाही त्यांनी सरळ स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात जावं. तिथे फुलापानांनी सजवलेला खांब उभा करतात आणि भोवती सगळे नाचतात, अनोळखी माणसाचाही हात धरून फेरात ओढतात. जेवणात नवे बटाटे, शेपूची पानं, आंबट साय, खारवलेला हेरिंग मासा आणि शेवटी स्ट्रॉबेरी. मासा वगळला तरी ताट भरतं.

कुतूहल
शाकाहारी मंडळींसाठी माझी भर. सणाचं जेवण म्हटलं की मांस, हे गृहीत धरू नका. बऱ्याच ठिकाणी उपासाचंच जेवण सगळ्यात रसदार असतं.

इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात आणि ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस. उपासाला मांस, अंडं, दूध काही चालत नाही. मग टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या इंजेरा धिरड्यावर मसूर, चण्याच्या पिठाची शिरो, पालेभाज्या, बीट, कोबी असं रंगीत ताट येतं. एकाच ताटातून सगळ्यांनी हाताने खायचं.

थायलंडमध्ये चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो. फुकेतचा सर्वात प्रसिद्ध, पण बँकॉकच्या चायनाटाउनमध्येही पिवळे झेंडे लागतात. झेंडा दिसला की त्या गाडीवर मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. एरवी थायलंडमध्ये फिश सॉसच्या धास्तीने एकेक घास तपासणाऱ्या माणसाला त्या नऊ दिवसांत मोकळेपणाने हात मारता येतो. फक्त फुकेतच्या मिरवणुकीत भक्त गालांतून सळ्या आरपार घालतात. ते दृश्य मुलांना झेपेल का, याचा आधीच विचार करा.

आणि पालेर्मो! १३ डिसेंबर, संत लुसियाचा दिवस. १६४६ सालच्या दुष्काळात याच दिवशी गव्हाने भरलेलं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळायचीही वाट न बघता गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी आख्यायिका. म्हणून त्या दिवशी पालेर्मोत पाव नाही, पास्ता नाही! इटलीत पास्ता न खाण्याचा सण, ही कल्पनाच मला फार आवडते. त्याऐवजी 'कुच्चिया': भिजवून उकडलेले अख्खे गहू, मेंढीच्या दुधाची रिकोटा, साखर, पाकवलेली फळं. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या 'पानेल्ले' आणि भाताचे मोठाले तळलेले गोळे, आरान्चिने, यांचे डोंगर रचलेले असतात. गोळ्यांत बहुधा मांस असतं, पालकाचे वेगळे मागावे लागतात.

चौकस
@कुतूहल, हे सोनं आहे! सासूबाईंनी पालेर्मोची नोंद डायरीत करून घेतली.

शब्दांकुर
क्योतोबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

गिओन मात्सुरी पूर्ण जुलै चालतो. सगळे १७ तारखेची मिरवणूक बघायला धावतात. उंच लाकडी रथ चौकात वळवताना चाकांखाली ओले बांबूचे काप टाकून दोरांनी ओढत सरकवतात, ते बघण्यासारखं आहे, वाद नाही. पण तिथे मात्र चौकस यांच्या यजमानांच्या भाकिताप्रमाणे टाळकीच दिसतात. मला विचाराल तर १४ ते १६ जुलैच्या संध्याकाळी गाठा. रथांवर कंदिलांच्या माळा लागतात, वर बसून मुलं बासरी आणि घंटा वाजवतात. जुन्या व्यापारी घराण्यांपैकी काहीजण रस्त्याकडेची खोली उघडून पिढीजात चित्रांचे पडदे मांडून ठेवतात. दारात उभं राहून कोणीही बघावं. गर्दी नकोच असेल तर २४ जुलैची दुसरी मिरवणूक आहे. ती बंद पडली होती, २०१४ साली पुन्हा सुरू केली. तिला खाण्याच्या गाड्या लागत नाहीत आणि गर्दीही कमी.

चिमाकी नावाची पानांत गुंडाळलेली गोष्ट रथांपाशी विकतात. त्याच नावाचा खाण्याचा पदार्थही आहे, त्यामुळे हौशी पाहुणे ती सोडून खायला बघतात. आत काही नसतं! ती वर्षभर दारावर टांगायची, रोगराई टळावी म्हणून. हा सणच नवव्या शतकातल्या साथीतून सुरू झालाय.

सणाशी जोडलेली बरीच माणसं त्या काळात काकडी खात नाहीत, कारण हा सण ज्या यासाका देवळाचा, त्याच्या चिन्हासारखी काकडीची चकती दिसते. सणाचा मानाचा पदार्थ म्हणजे हामो, वामीसारखा काटेरी मासा. सुरीने इतक्या बारीक चिरा देतात की काटे जिभेला लागतच नाहीत.

सासूबाईंच्या दृष्टीने सांगायचं तर अडचण दाशीची. वाळवलेल्या माशाचा तो अर्क सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतही असतो. देवळांमधलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी मिळतं, पण बहुतेक ठिकाणी आधी सांगून ठेवावं लागतं. रस्त्यावरच्या गाड्यांवर भाजलेलं कणीस आणि बर्फाचा गोळा यांवर भागवावं लागेल. आणि उकाडा विचारू नका.

निशाचर
चला, उकाडा बाद. आता पूर कोण सांगतंय?

पाऊलवाट
पूर मी सांगते. सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल. रस्त्यावरच्या पिचकाऱ्या, बादल्या सगळ्यांना माहीत आहेत, पण त्या सणाला दुसरं अंग आहे आणि सासूबाईंसकट जायचं तर तेच बघा. सकाळी लोक देवळात जातात, बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालतात, आवारात वाळूचे स्तूप रचतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर फुलं घातलेलं पाणी ओतून आशीर्वाद घेतात. मी एका देवळात बाकावर बसले होते. शेजारच्या आजीबाईंच्या हातांवर त्यांची नातवंडं रांगेने पाणी ओतत होती. त्या प्रत्येकाच्या ओल्या केसांवरून हात फिरवत पुटपुटत होत्या. सगळ्यात धाकट्याने अख्खा वाडगा उपडा केला, तर त्या इतक्या हसल्या की बाकीचेही हसायला लागले. बाहेर रस्त्यावर धिंगाणा चालू होता, तो तिथे ऐकूही येत नव्हता.

मोसमी पदार्थ म्हणजे 'खाओ चाए': मोगऱ्याचा वास दिलेल्या गार पाण्यातला भात. मूळ मोन लोकांचा. सोबतच्या तोंडीलावण्यात कोळंबीचा खरडा असतो, म्हणून शाकाहाऱ्यांनी जपून. भिक्खू, म्हातारी माणसं आणि चालत्या मोटरसायकली यांच्यावर पाणी उडवायचं नाही. या दिवसांत रस्त्यावरचे अपघात फार वाढतात, तेव्हा लांबचा प्रवास टाळा आणि एकाच गावात राहा.

हरितपर्ण
सगळ्यांचं वाचतोय. एक प्रश्न मनात आहे तो मांडतो. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागी आपण कॅमेरा घेऊन उभं राहणं बरोबर आहे का? मेक्सिकोत ओआहाकाला मृतांच्या दिवशी स्मशानात गेलो होतो. लोक झेंडूने सजवलेल्या कबरीपाशी रात्रभर बसतात, गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं मांडतात. मेणबत्तीच्या उजेडात एक बाई कबरीशी हळू आवाजात बोलत होती आणि तिच्या चेहऱ्यासमोर चार मोबाइल. मला तिथे थांबवेना. निघून आलो.

अष्टावधानी
@हरितपर्ण, शंभर टक्के सहमत. अशा जागी फोन खिशातच राहावा.

कुतूहल
@हरितपर्ण, मोबाइल समोर धरणं चूकच. पण न जाणं हा उपाय मला पटत नाही. ओआहाकातच मला एका कुटुंबाने स्वतःहून बोलावून बसवलं, चॉकलेटचा पेला हातात दिला, आणि ज्यांची कबर होती त्या आजोबांबद्दल सांगत बसले. कोणीतरी ऐकतंय याचा त्यांना आनंद होता. फुलं घेऊन जावं, कडेला उभं राहावं, बोलावलं तर बसावं. शहरातल्या बाजारात त्या दिवसांचा पाव मिळतो, त्यावर छोटासा रंगवलेला चेहरा खोचलेला असतो. तो न्यावा.

हरितपर्ण
@कुतूहल, फुलं नेण्याचं सुचलं नव्हतं. पटलं.

पहाटवारा
या बाबतीत स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे लोक स्पष्ट आहेत. तिथला फास्नाख्त, म्हणजे कार्निव्हल, ॲश वेन्सडेनंतरच्या (ईस्टरआधीचा उपास सुरू होतो त्या बुधवारनंतरच्या) सोमवारी पहाटे ४ वाजता सुरू होतो. ठोक्याला शहरातले दिवे जातात आणि मिट्ट काळोखात ढोल, छोट्या बासऱ्या आणि रंगवलेले कंदील चालू लागतात. बघ्यांनी सोंग घ्यायचं नाही, तोंड रंगवायचं नाही. सणाचा बिल्ला विकत घेऊन कोटाला लावायचा, कारण त्याच पैशांतून मंडळांचा खर्च निघतो. बिल्ला नसला तर कागदी तुकड्यांनी तुमची कॉलर भरलीच समजा. ते तुकडे एकाच रंगाचे असावे लागतात. मिसळलेले रंग म्हणजे जमिनीवरून गोळा केलेले, ते असभ्य मानतात.

कडाक्याच्या थंडीत ५ वाजता खाणावळीत शिरायचं आणि भाजलेल्या पिठाचं तपकिरी सूप प्यायचं, वर किसलेलं चीज. सोबत कांद्याचा किंवा चीजचा खारा टार्ट. सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात करतात, आणि टार्टमध्ये अंडं असतं. सासूबाईंसाठी नाही, पण चौकस तुम्ही एकदा जाच.

सांजसावली
अवांतर: तारखा नीट बघा हो मंडळी. चांद्र पंचांगाचे सण दरवर्षी सरकतात. बालीत न्येपीच्या (मौनाच्या) दिवशी विमानतळ २४ तास बंद असतो, हॉटेलाबाहेर पडता येत नाही, रात्री दिवेही लावायचे नसतात. मला तर तो दिवस फार आवडला, आकाशात इतके तारे मी कधी पाहिले नव्हते. पण त्या दिवशीचं परतीचं तिकीट काढून चालणार नाही.

रिमझिम
रमझानमधल्या इस्तंबूलबद्दल कोणीच नाही बोललं! दिवसा खाणावळी उघड्या असतात, काळजी नको. पण सूर्यास्ताच्या थोडं आधी भट्टीसमोरच्या रांगेत उभं राहून बघा. तीळ आणि काळ्या जिऱ्याचा, वर जाळी काढलेला गोल पाव याच महिन्यात होतो. कागदात गुंडाळूनही हात भाजतो, आणि प्रत्येकजण अजानच्या आत घरी पोचायला लगबगीने चालत सुटतो. जेवणानंतर ग्युलाच: स्टार्चच्या पातळ पापुद्र्यांवर कोमट दूध, गुलाबपाणी, अक्रोड आणि वर डाळिंबाचे दाणे. अंडं अजिबात नाही.

चौकस
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! घरात मोठ्याने वाचन झालं. निर्णय: वॅलेन्सिया. पण अष्टावधानींचं सूत्र धरून. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पोचायचं, तेव्हा देखावे उभे राहताना दिसतील, मास्क्लेता रोज आहे, बुन्युएलोस आहेत, आणि हॉटेलंही आवाक्यात आहेत. १७ तारखेपर्यंत थांबायचं. नवरा खूश. सासूबाई मात्र नाराज, "आग बघू म्हणाले होते ना मी?"

भटकी_जमात
@चौकस, १७ आणि १८ला फुलांची मिरवणूक असते. पारंपरिक पोशाखातल्या बायका-मुली गुच्छ घेऊन येतात आणि ते लाकडी सांगाड्यावर रचून मेरीमातेचा उंचच उंच झगा तयार होतो. ती सोडू नका. आणि अजून दोन रात्री वाढवता येत असतील तर वाढवाच. शहरात महाग पडलं तर लोकल गाडीने जवळच्या गावात मुक्काम करा. तिथेही फायास असतो, लहान असतो, आणि आगीच्या जवळ उभं राहता येतं.

चौकस
आसपासच्या गावांतही १९लाच जाळतात?

भटकी_जमात
हो, त्याच रात्री. लेकीसाठी आणि सासूबाईंसाठी कानात घालायला चांगल्या प्रतीचे बोळे घेऊन जा. दुपारी २ला चौकाच्या अगदी मध्यात शिरू नका, बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी राहा. आवाज तेवढाच येतो, निघता पटकन येतं. सुती कपडे घाला, ठिणगीने सिंथेटिक कपड्यांना लगेच भोकं पडतात.

निशाचर
सासूबाईंचा वृत्तान्त इथेच टाका. वाट बघतोय.